बाईंनी इंग्रजीत थांबवलं तेव्हा

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता. तिथल्या सुपरवायझरला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या गळ्यात सुरक्षा समितीचं अध्यक्षपद पडलं. एरवी ते नावालाच होतं. पण या वेळी बैठकीला मुख्य कार्यालयातले साहेब येणार होते, त्यांना इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं, आणि बाईंना इंग्रजी येत नव्हतं.

परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवरून वाक्यं पाठ करून घेतली. सुरुवात कशी करायची, लांबण लावणाऱ्याला कसं आवरायचं, पुढच्या मुद्द्यावर कसं जायचं. नवरा गुडघ्यांमुळे घरी बसलेला, एके काळचा बसड्रायव्हर. सरावासाठी समितीचे सगळे सभासद तो एकटाच झाला. बाई भांडी घासत असताना मुद्दाम मधे तोंड घालायचा, भलतेच प्रश्न काढायचा. बाई नळ बंद करून ठसक्यात म्हणायच्या, “लेट्स कम बॅक टू दॅट.” त्यावर तो शाळकरी पोरासारखा तोंडावर बोट ठेवायचा. दोघं हसून हसून बेजार व्हायचे.

बैठक छान चालली होती. तेवढ्यात लंबू उभा राहिला. कपडे पिळण्याच्या मशीनवर काम करणारा हा ताडमाड गडी बाईंनीच कामाला लावलेला.

“बाई, झाकणाचं लॉक गेलंय. आत ड्रम फिरत असतानाच उघडतं ते...”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून वाक्य आपोआप निघालं, “लेट्स कम बॅक टू दॅट.” साहेबांनी मान डोलावली. लंबूनेही मान डोलावली आणि तो खाली बसला.

जाताना साहेबांनी बाईंचं कौतुक केलं. बाई तरंगतच घरी आल्या. हात-पाय धुताना लॉक आठवलं. उद्या मेकॅनिकला सांगू, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दोन बायका कामावर आल्या नाहीत, मळक्या चादरींचा ढीग छताला टेकला, आणि ते राहिलं ते राहिलंच.

पंधरवडाही झाला नसेल. मशीनने लंबूचा उजवा हात कोपरापर्यंत नेला.

बाई रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर, वॉर्डात त्याला भेटायला गेल्या. उशाशी त्याची आई बसली होती. तिने स्टूल पुढे केलं, पण बाई उभ्याच राहिल्या. लंबूने विचारलं, “बाई, त्या दिवशी तुम्ही इंग्रजीत काय म्हणालात? मला वाटलं, नवीन लॉक मंजूर झालं म्हणताय. म्हणून परत विचारलं नाही.”

खोटं बोलायला जागा होती. बाईंनी साध्या भाषेत अर्थ सांगितला, ते नंतर बघू. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने स्टूल मागे ओढून घेतलं.

चौकशीत वरच्यांनी सगळं लंबूच्या निष्काळजीपणावर ढकललं. बाई मराठीतच म्हणाल्या, “त्याने सांगितलं होतं. मी त्याला गप्प बसवलं. मग विसरले.” साहेबांना कुणीतरी कानात उलगडून सांगितलं. बाईंची सुपरवायझरी गेली, त्या इस्त्रीवर आल्या. लॉक मात्र त्याच आठवड्यात बसलं. लंबूला रुग्णालयाच्याच फाटकावर नोकरी मिळाली.

नवरा म्हणतो, मागच्या दाराने जात जा, जवळ पडतं. बाई ऐकत नाहीत. रोज फाटकापाशी थांबतात. लंबू डाव्या हाताने अडसर उचलतो, त्यांच्याकडे न बघता, आणि त्या आत जातात.