मानेवरचा डाग

माझ्या मानेला डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, एक काळपट डाग आहे. व्हायोलिन हनुवटीखाली दाबून उभ्याने वाजवणाऱ्यांना तो पडतोच. आमच्या नेरे गावात मात्र हे कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आईने आधी गजकर्ण समजून मलम लावलं, मग हळद, आणि एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "कॉलेजात कुणी हाय का?" मी हसत सुटले. ती हसली नाही.

डाग हिंजवडीचा होता. तिथल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर एक बाई पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकवायच्या. दर शनिवारी मी तिथे जायची. पण त्याच्या कितीतरी आधी, आठवीपासून, मी पिरंगुटला गुरुजींकडे शिकत होते. गुरुजी तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. नोकरी सांभाळून त्यांनी पुण्यात जाऊन वादन शिकून घेतलं आणि निवृत्तीनंतर घरातल्या पुढच्या खोलीत शिकवायला बसले. बसले म्हणजे खरोखर बसले. सतरंजीवर मांडी घालून, उजवा पाय जरा पुढे, त्याच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं टेकवलेलं. बोटाला खोबरेल तेलाचा थेंब, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न अडखळता घसरतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "एक वाद्य, एक बैठक. दोन डगरींवर पाय ठेवायचा आसंल तर हितं येऊ नको."

मी ठेवला. घाबरत ठेवला, पण ठेवला. बाईंकडे दोन सूर एकाच वेळी आपापल्या वाटेने चालायचे आणि तरी भांडायचे नाहीत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि वेडीच झाले. दोन्हीकडे तारा वेगवेगळ्या सुरांत लावायच्या, त्यामुळे मी वाटेत बसमध्ये खुंट्या पिळत बसायची. त्यात किती तारा तुटल्या याला गणती नाही. बाई म्हणायच्या, बोट घसरवू नकोस. गुरुजी म्हणायचे, बोट उचलू नकोस. घरी वरच्या खोलीत मी भूप वाजवून फोनवर रेकॉर्ड करायची आणि त्याच्याखाली बाईंकडच्यासारखा दुसरा सूर धरून ठेवायची. ते मला फार आवडायचं. गुरुजींना ऐकवायची सोय नव्हती. त्यांच्याकडे जाताना मी भर उन्हाळ्यातही ओढणी मानेभोवती गुंडाळायची.

मागच्या वर्षी गुरुजींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. जमिनीवर बसायला डॉक्टरांनी कायमची बंदी केली. महिन्याभराने काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, फोन आला, क्लास बंद केलाय, तू एकदा येऊन जा. गेले तर गुरुजी खुर्चीत, व्हायोलिनची पेटी बंद, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी. खुर्चीत बसून वाजवून पाहिलं होतं म्हणे, पण टेकायला घोटाच नाही, व्हायोलिन खाली घसरत होतं. त्यांनी पुण्यातल्या एका वादकाचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला आणि पुढचं तिथे शीक म्हणाले. मला रडू आलं. मला दुसरे गुरुजी नको होते.

"ओढणी काढ," ते म्हणाले.

मी काढली.

"किती दिस लागलं ह्याला?"

सहा महिने, मी सांगितलं. डाग त्यांनी दोन वर्षांपूर्वीच पाहिला होता म्हणे. मग बोलला का नाहीत, असं मी कसंबसं विचारलं.

"बोललो आसतो तर घालवावी लागली आसती तुला." मग त्यांनी पेटीकडे बोट केलं. "काढ ती. कसं धरत्यात ते दाव मला."

मी त्यांच्या खांद्यावर नॅपकिनची घडी ठेवली, त्यावर व्हायोलिन ठेवलं, हनुवटी किती दाबायची ते सांगितलं. त्यांनी भूप सुरू केला. बोट घसरलं की वाद्यही घसरायचं, ते सावरायला हात जायचा आणि सूर हुकायचा. सात वर्षांत मी गुरुजींना बेसूर ऐकलं नव्हतं. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. गुरुजींनी गज खाली घेतला.

"काय चुकतंय?"

कोपर आणखी आत घ्या, मी म्हणाले. त्यांच्या प्रत्येक सांगण्यावर मी आजवर 'पण' म्हणत आले होते. त्यांनी मुकाट्याने कोपर आत घेतलं आणि पुन्हा सा लावला.

सा अजून हलत होता. मी सोबत आणलेलं माझं व्हायोलिन काढलं आणि त्यांच्या सुराखाली भीतभीत तो दुसरा सूर धरला. गुरुजींनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं, तशी मी तारेवरून गज उचलायला गेले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्यानं मला सुराची जागा घावतीया."