सार्डिनियाची शाई

उजव्या हाताची तर्जनी गालात रुतवायची आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी फिरवायची. त्याच्या बेटावर याचा अर्थ, ‘वा, काय चव आहे!’ पण जर्मनीत हे कोणाला ठाऊक? घरमालकिणीचं बटाट्याचं सूप पिऊन त्याने असं बोट फिरवलं, तेव्हा त्या बाईने धावत जाऊन लवंगेचं तेल आणलं. बिचाऱ्याची दाढ दुखतेय असं तिला वाटलं. त्याने ते तेल निमूटपणे लावून घेतलं आणि पुन्हा एकदा बोट फिरवलं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी डार्मश्टाटला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो आणि सुट्टीत ऱ्हाइनकाठच्या एका वाइन व्यापाऱ्याकडे कामाला जात होतो. वाइनमधला आंबटपणा नि अल्कोहोल मोजणं हे माझं काम. तो तिथेच तळघरात पिंपं धुवायचा, नळ्या जोडायचा. पदवी मिळायला अजून दोन वर्षं होती, पण त्याने पहिल्याच दिवशी मला डॉक्टर करून टाकलं. मी जिना भरभर उतरू लागलो की खालून आवाज यायचा, “लांगझाम, डॉक्टर, लांगझाम!” म्हणजे हळू, हळू.

कोणी त्याला इटालियन म्हटलं की तो चिडायचा. “इटलीला आमच्याकडून बोटीने जावं लागतं. मी सार्डिनियाचा.” जर्मनमधलं ‘तुम्ही’ त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा. मालकाला, पाद्र्याला, पोलिसालासुद्धा. आणि गंमत म्हणजे कोणाला राग यायचा नाही.

आमच्या मालकाची स्वतःची लाल वाइन फिकी असायची. पाणी जास्त झालेलं कोकम सरबत जणू. म्हणून दक्षिणेकडून गडद वाइन मागवून तिच्यात थोडी मिसळत. तेव्हा कायद्याला ते चालायचं. एकदा असाच एक टँकर आला. त्याने नळीचं तोंड दोनदा नाकाशी नेलं. मग म्हणाला, “डॉक्टर, ही माझ्या गावची आहे. कानोनाव जातीची द्राक्षं. माझा बाप ज्या वाइनरीत द्राक्षं नेऊन घालतो, तिथली.”

तो तसाच ओल्या बुटांनी मालकाकडे गेला. जर्मनीत मालकाला ‘शेफ’ म्हणतात. “शेफ, ही मिसळू नकोस. एक पिंप तरी तिच्या नावाने बाटल्यांत भर.”

मालक हसला. “कोण पिणार? शाई आहे ती. रंगापुरती ठीक.”

तो तळघरात परतला. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबाही उघडला नाही.

शरद ऋतूत मालक आसपासच्या बड्या मंडळींना आपली नवी वाइन चाखायला बोलवायचा. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हा माझ्याकडे आला. “डॉक्टर, तुझं ते छोटं नरसाळं दे.”

“कशाला?”

“विचारू नकोस. मग तुला खोटं बोलावं लागणार नाही.”

मी दिलं. तुम्हीही दिलं असतं.

संध्याकाळी औषधवाला, मेयर, हॉटेलवाला असे सगळे लांब टेबलाभोवती बसले. चौथी बाटली आली. औषधवाल्याने घोट घेऊन डोळे मिटले. हॉटेलवाला म्हणाला, “ही कुठली हो?” मालकाने अजून ओठही लावले नव्हते. “आमच्याच नदीकडच्या उतारावरची!” हॉटेलवाल्याने तिथल्या तिथे तीन पिंपांची मागणी नोंदवली. मग मालकाने घोट घेतला. त्याचा चेहरा आधी त्याच्या वाइनसारखा फिका आणि मग त्या बाटलीतल्यासारखा गडद झाला.

पाहुणे गेल्यावर त्याने मला बोलावलं. “डॉक्टर, या बाटलीत काय आहे?”

मी तोंड उघडणार तोच मागून हा पुढे आला. “शेफ, शाई सांडली. माझ्या हातून.”

मालक इतका ओरडला की टेबलावरचे पेले किणकिणले. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला. काम गेलं की राहण्याचा परवानाही धोक्यात, हे तिघांनाही माहीत होतं. त्याने टोपी घातली आणि तो जिना हळूहळू चढून गेला.

मालक रागीट होता, पण लबाड नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो हॉटेलवाल्याकडे गेला आणि खरं काय ते सांगून आला. हॉटेलवाला म्हणाला, “मी पेल्यात जे होतं ते मागितलंय. तेच द्या.”

तिसऱ्या दिवशी त्याला कामावर परत बोलावणं गेलं. तो चर्चला जायचा रविवारचा कोट घालून आला. ती वाइन आता न मिसळता बाटल्यांत भरायची ठरली होती आणि लेबलवर त्याच्या गावाचं नाव घालायचं होतं.

“लिही,” मालकाने कागद पुढे केला.

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. त्याला लिहिता-वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो नाव सांगू लागला. त्यात एक ठसठशीत ‘ड्ड’ होता, जो जर्मन जिभेला काही केल्या जमेना. मला पहिल्या झटक्यात जमला. त्याने मला मिठी मारली. मी ते नाव आधी देवनागरीत उतरवलं आणि त्यावरून रोमनमध्ये लिहून दिलं. तेच छापलं गेलं.

त्यातली एक बाटली मी चाखली की नाही, हे आमच्या घरी अजून कोणाला माहीत नाही. इथेही सांगणार नाही.

वर्षभराने त्याच्या वडिलांची तब्येत बिघडली आणि तो कायमचा परत निघाला. मी माइन्झच्या स्टेशनवर गेलो. त्याच्याजवळ एक बॅग होती आणि सहा बाटल्यांचं खोकं.

“अरे, ही वाइन तिथूनच तर आली!”

“तिथे ती पिंपात असते, डॉक्टर. बापाने बाटलीत पाहिलेली नाही. नावासकट.”

मला राहवलं नाही. मध्यंतरी मी ग्रंथालयातल्या नकाशात त्याचं गाव शोधलं होतं. “त्या नावात माझी चूक झालीय. दोन अक्षरं चुकलीत.”

त्याने लेबलवरून अंगठा फिरवला. “बापाला वाचता येत नाही.”

“पण गावच्या पाद्र्याला येत असेल.”

“पाद्री आधी पिईल,” तो म्हणाला, “मग वाचेल.”

गाडी हलली. डबा गच्च भरला होता. खिडकीजवळची आपली जागा त्याने खोक्याला दिली होती, आणि स्वतः शेजारी उभा होता.