पोटात जास्तीचं पाणी

सातव्या महिन्यात माझं पोट इतकं वाढलं, की नाहूरच्या आमच्या बिल्डिंगीत त्यावर बैठका भरू लागल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी जुळं जाहीर केलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, मुलगाच, आणि बापासारखा आळशी, म्हणून तर हलत नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या न हलण्याची मला भयंकर भीती वाटायची. दुपारभर कुशीवर पडून मी एका लाथेची वाट बघायचे.

घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करवली. बाळ एकच, भोवती पाणी फार. बाळ नीट गिळत नसलं की कधीकधी असं पाणी साचतं, त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?"

होतं ना! माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मामाची मुलगी करायची ही आमच्याकडची रीत, त्यामुळे मी पाळण्यात असतानाच तिने मला सून ठरवून टाकलं होतं. बाईंनी कागदावर आमचे चौकोन-गोल काढले. आत्याच्या गोलातून एक रेघ माझ्या बापाकडे गेली, एक माझ्या नवऱ्याकडे.

"काही दोष आई आणि बाप दोघांकडून आले तरच बाळात उतरतात," बाई म्हणाल्या. "घरात कुणाचं बाळ लुळं जन्मलं, दूध ओढता न येऊन गेलं, असं झालंय? तसं असेल तर मोठ्या हॉस्पिटलात नाव घालू."

माझ्यासोबत आलेली आत्या ताठ बसली. "आमच्या घराण्यात तसला काय एक नाय."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "घरात अजून दोन पोरी लग्नाच्या आसत. उगाच चौकशी नको."

घराण्याची तब्येत अशी ठणठणीत ठरल्यावर माझं नाव जवळच्या नर्सिंग होममध्येच राहिलं.

मुलगी झाली. ओल्या फडक्यासारखी लुळी, रडणं जेमतेम. छातीशी धरली तर तोंड नुसतं उघडं राहिलं. डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलला फोन करायला धावले. तोवर आत्याने कापसाचा बोळा वळला, दुधात बुडवला, बाळाची हनुवटी एका बोटावर तोलली, आणि एक थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडून थांबली. गिळल्यावर दुसरा. असं पाजायचं हे तिला तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिच्या सरावलेल्या बोटांकडे बघत राहिले. "आत्या, अशी किती पाजलीस?"

तिने बोळा पुन्हा दुधात बुडवला.

"दोन," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या पाठची. पयल्याच्या वेळी माका नववा वरीस लागला होता."