टायपिस्ट मावशीचे दात

टायपिस्ट मावशी चहा पार निवल्याशिवाय ओठाला लावत नसे. माठातलं पाणीही तिच्या दातांना झोंबायचं. ती आईची धाकटी बहीण, जळकोटची. लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीत टायपिस्टांची भरती निघाली आणि ती नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली. मी तेव्हा सातवीत होते.

तिला जेवताना पाहून आई सुखावायची. तीन भाकऱ्या, वर भात. तरी अंगावर मांस नाही. "मला भूक लई लागते गं अक्का," म्हणायची आणि ताटावरून उठून थेट मोरीत जायची. बाहेर यायची ती दात घासूनच. दुष्काळ होता, टँकर तीन दिवसांआड यायचा. आई कुरकुरायची, "दिवसातून चारदा दात घासायली ही. कुणाला दाखवायचेत?"

एकदा मला मोरीतून ओकाऱ्यांचा आवाज आला. मावशीनं डोळे पुसत दार उघडलं. "पोट भरलं की गुदमरल्यावानी होतंय. काढून टाकलं की बरं वाटतं. अक्काला सांगू नको." मी सांगितलं नाही. एवढ्या आवडीनं खाणारी बाई ते काढून का टाकते, मला कळेना.

हळूहळू तिच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या. बोअरच्या पाण्यानं गल्लीत बऱ्याच जणांचे दात पिवळे पडले होते, म्हणून आईनं पाण्यालाच दोष दिला. मग एका सकाळी मऊ भाकरी चावताना दाताचा तुकडा पडला. आम्ही तिघी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात आरसा घालून बराच वेळ पाहिलं.

"पाण्याचे डाग पुढून दिसतात. हे दात आतून झिजलेत, पोटातल्या आंबटानं. ताई, जेवल्यावर उलटी करता?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं असं तिला वाटलं असावं.

डॉक्टर म्हणाले, उलटीनंतर लगेच घासू नका, त्यानं दात जास्त झिजतात. नुसती चूळ भरा. पण मूळ दुखणं दातांचं नाही, नांदेडला मनाच्या डॉक्टरांना दाखवा.

"आमच्यात येडं कुणी न्हाई," आई बाहेर येऊन म्हणाली. "माणसं टँकरमागं पळायलीत अन् ही खाल्लेलं ओकून टाकते." ती रागावली होती की घाबरली होती, मला आजही सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात मावशी रजा टाकून एकटीच एस.टी.नं नांदेडला गेली. नंतर तिकडंच बदली करून घेतली.

कॉलेजसाठी मी नांदेडला गेले, तेव्हा तिच्या खोलीवर गेले. वरचे पुढचे चार दात आता कवळीचे होते. "हसायला बरी हाय, चावायला न्हाई," ती म्हणाली. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. ताटं सारली तरी ती जागची उठली नाही. मुठी आवळून बसली.

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी. अर्धा तास निघाला की मोरीची ओढ सुटते."

"अजून होतं?"

"रोज."

मला तेव्हाही नीट समजलं नाही. मी मेसचं, मैत्रिणींचं, सुचेल ते सांगत राहिले. मध्येच थांबले की ती म्हणायची, "पुढं?"