कोयता वर करून दाखवणं

कोयत्याला कानस लावली की लोखंडाचा वास सुटतो आणि लेकीची कॉलेजातली परीक्षा आठवते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती जामखेडहून रडवेली होऊन आली. प्रोग्राम तयार करायला लागणारी अवजारं कॉम्प्युटरवर आहेत का, हे आधी तपासणारी स्क्रिप्ट तिनं लिहिली होती. घरी ती नीट चालली, पण कॉलेजात अवजार असूनही ‘नाही’ म्हणून थांबली. “तिथं ते दुसऱ्याच जागी ठेवलंय, आई. उद्या नापास व्हनार मी.” मी भाकरी थापत होते. मला त्यातलं काय कळणार, म्हणून भीतभीतच म्हणाले, “उसाच्या फडावर मुकादम कोयते हुडकत आपल्या पाचटाच्या कोपीकोपीत शिरतो व्हय? तो नाव घेतो. ज्याच्याकडं हाय तो वर करून दावतो.” “मी जागा लिहून ठेवली हुती गं, नावानं इचारलंच न्हाई,” ती म्हणाली आणि अर्धी भाकरी ताटात टाकून लॅपटॉप उघडून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, “चालली, आई.” पिठाच्या हातानं फोन धरून मी उंबऱ्यावरच बसले. परवा फडावर मुकादमानं कोयते विचारले, तेव्हा नेहमी मागं राहणारी मी माझा कोयता जरा जास्तच उंच धरला.