सिद्धाप्पाचा गिअर

अक्कलकोट रस्त्यावरच्या वस्तीतला सिद्धाप्पा दुधाचा टेम्पो चालवतो. धनगराचा पोर तो. बापाबरोबर मेंढरांमागं हिंडून पायांत आलेलं बळ टेम्पोत बसून वाया चाललंय, असं वाटून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यानं शर्यतीच्या सायकलीचा नाद धरला. दर रविवारी तो आणि मेहुणा चन्नप्पा तुळजापूरचा घाट चढायचे. चन्नप्पा आधी पोचून शेंगा सोलत बसायचा आणि टरफलं मोजून सांगायचा, दाजी, आज चाळीस शेंगा उशीर.

एकदा तरी आपण आधी पोचायचं, एवढंच सिद्धाप्पाला हवं होतं.

जुन्या सायकलीनं ते होणार नव्हतं. विजापूर वेशीतल्या सायकलच्या दुकानात हुसेनसाबांनी नव्या दोन पुढं केल्या. एकीला तारेचा गिअर, खटका दाबला की तार ओढली जाते. दुसरीला बॅटरीचा, नुसतं बटण दाबायचं. बॅटरीचा लोण्यासारखा पडतो, तारेचा घरच्या पान्यानं सुधारता येतो. आठ दिवस वापरा आणि ठरवा, म्हणाले.

सिद्धाप्पाला लोणी पटलं.

पण त्याच्या घरात बिरोबाचा भंडारा वाहिल्याशिवाय नवी बादलीसुद्धा वापरत नाहीत. बॅटरी चार्जिंगला काढलेली होती. बायकोनं, गोजाबाईनं, सैल हातानं हळदीची मूठ उधळली आणि बॅटरीची खाच काठोकाठ भरली. सिद्धाप्पानं न बघता वरून बॅटरी दाबली. गिअर मुका झाला.

दुकानात हुसेनसाब दात घासायच्या ब्रशनं खाच साफ करत बसले.

"सिद्धाप्पा, तुमच्या देवाचं आणि या बॅटरीचं काही जमत नाही."

बायकोला भंडारा आवर म्हणायची सिद्धाप्पाची छाती नव्हती. त्यानं तारेची सायकल नेली.

रविवारी घाटात तो पहिल्यांदाच दोन वळणं पुढं होता. कडेला कुणाचीतरी मेंढरं चरत होती. खडा चढ आला तसा त्यानं गिअर उतरवला. टक्, टक्, टक्. मेंढरं वळवायला धनगर जिभेनं टाळूवर अगदी हाच आवाज काढतो. सगळ्या माना वर झाल्या. जरा वेळानं त्यानं मागं पाहिलं, तर दीडशे मेंढरं शिस्तीत घाट चढत होती आणि त्यांच्या मागं अडकलेला चन्नप्पा बोंबलत होता.

माथा समोर दिसत होता. पण वर हमरस्ता, ट्रकांची रांग. दुसऱ्याचं जितराब तिथं नेऊन सोडायला सिद्धाप्पाचं मन धजेना. त्यानं सायकल वळवली, खटका दाबला. मेंढरंही वळली. वाट मोकळी होताच चन्नप्पा शेजारून वर निघाला.

"दाजी, घाट चढायचा हाय की मेंढरं राखायची?"

सिद्धाप्पानं खटका वाजवत मेंढरं खाली नेली. खाली मेंढरांची मालकीण म्हाळसाबाई काठी टेकत, धापा टाकत आली. तो शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिला. म्हातारीनं मेंढरं पाहिली, सायकल पाहिली आणि म्हणाली, पुन्यांदा वाजव.

त्यानं वाजवली. दीडशे माना वळल्या.

"बॅटरीवर चालतंय व्हय हे?"

"न्हाय मावशी, तारंवर."

"मग बरं. रानात चार्जिंग कुटनं आणू? दुकान कुटं हाय, सांग की."