आढळले नाही

धनश्रीचा राग चटकन दिसत नाही. ती आवाज चढवत नाही, दार आपटत नाही. हातातलं काम फक्त सावकाश करायला लागते, इतकं सावकाश की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. प्रयोगशाळेतल्या पोरींना हे पाठ झालंय. ताई काचेची भांडी पुन्हा पुन्हा धुवायला लागली, की त्या आपापला डबा उचलून बाहेर सटकतात.

घर कवठे येमाईचं. वडिलांनी, हरिबांनी, तरुणपणीच मेंढरं विकली, डाळिंब लावलं आणि एका जागी पाय रोवले. आत्या बयाबाई मात्र कळपामागे राहिली. नवरा गेल्यावर हरिबांनी कितीदा म्हटलं, "ये घरी, एक खोली तुझीच हाय." ती म्हणायची, "खोलीत नीज येत न्हाई रं दादा. छत डोळ्यावर पडतंय." धनश्रीच्या सगळ्या सुट्ट्या या आत्याच्या बिऱ्हाडात गेल्या. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, जाळीत कोकरं आणि पुढे जिथे ओल असेल ते शिवार. पुढे शिरूरला रसायनशास्त्र शिकून तिने सणसवाडीच्या पट्ट्यात एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरी धरली. शेजारी एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला बिहारी पोरांच्या भाड्याच्या खोल्या आणि मधल्या इमारतीत फळं-भाज्यांवरची कीटकनाशकं शोधणारी ही माणसं.

धनश्रीच्या ताब्यात एक फ्रीझर आहे. त्यात बोटभर उंचीच्या, सील केलेल्या काचेच्या कुप्या असतात. एकेका कुपीत एकेक कीटकनाशक, अगदी शुद्ध, किती शुद्ध याच्या दाखल्यासकट. याला प्रयोगशाळेत स्टँडर्ड म्हणतात. मशीन कोट्यवधींचं असलं तरी त्याला स्वतःहून काहीच ओळखता येत नाही. आधी त्याला शुद्ध विष दाखवावं लागतं: हे बघ, हे असं दिसतं, इतक्या वेळाने येतं. मग पाल्याचा अर्क घातला, की ते ताडून सांगतं, आहे का नाही, असेल तर किती. जे कधी दाखवलंच नाही त्याबद्दल ते गप्प बसतं. मशीनच्या या गप्प बसण्याचा अर्थ माणसं आपल्या सोयीने लावतात, हे धनश्रीला त्या हिवाळ्यात कळलं.

बयाबाईचा कळप तेव्हा दौंडच्या अंगाला, भीमेकाठच्या एका गावात उतरला होता. पीक निघालं की रानात मेंढ्या बसवायच्या, मेंढ्यांना पाला मिळतो आणि रानाला खत, ही तिथली जुनी रीत. बापूसाहेबांचा फ्लॉवर काढून झाला होता. बापूसाहेब गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. कळप रानात घालण्याआधी बयाबाईने नेहमीसारखं बांधावरून विचारलं, "काय मारलंय का पाल्यावर?" विचारल्याशिवाय ती कुणाच्या रानात पाऊल घालत नाही. बापूसाहेब म्हणाले, "जैविक मारलंय परवा. औषध न्हाई ते. खुशाल सोड."

दुपार कलायच्या आत मेंढ्या पडायला लागल्या.

फोनवर बयाबाई रडत नव्हती. ती ओरडत होती. "धनू, तोंडातनं लाळंची धार लागलीया. पाय थरथरत्यात. डोळ्याची भावली टाचणीएवढी झालीया गं!" सरकारी डॉक्टर येईपर्यंत निम्मा कळप आडवा झाला होता. त्यांनी उरलेल्या मेंढ्यांना सुया दिल्या, सकाळी येऊन मेलेल्या फाडून बघतो म्हणाले. सकाळी बघायला काही उरलंच नव्हतं. वास सुटेल, लहान पोरं आजारी पडतील म्हणून बापूसाहेबांनी उजाडायच्या आत जेसीबी लावून सगळ्या पुरून टाकल्या होत्या.

आणि मग गावात एक वाक्य फिरायला लागलं. बयाबाईने उपाशी कळप हिरव्या पाल्यावर सोडला, पोटं फुगली, मेल्या. दोन दिवसांनी त्यालाही पाय फुटले. पोटफुगी कसली, कळपाला साथीचा रोग असणार. आपल्या गाईगुरांना व्हायचा. यंदाच काय, या बाईला पुन्हा कधीच शिवारात घ्यायला नको. तसं ठरवायला सोसायटीच्या गोडाऊनसमोर बैठक बोलावली गेली. बयाबाईचं सगळं आयुष्य या नदीकाठच्या रानांवर निघालं होतं. इथे बंदी झाली असती, तर बातमी तिच्या आधी पुढच्या गावात पोचली असती, आणि उरलेला कळप घेऊन तिने जायचं कुठे?

बापूसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बैठकीआधी त्यांनी त्या रानातला पाला तपासायला पाठवला. तो आला सणसवाडीला, धनश्रीच्याच प्रयोगशाळेत.

तयार झालेला रिपोर्ट सहीसाठी तिच्या टेबलावर आला. कीटकनाशकांची लांबलचक यादी, प्रत्येक नावापुढे तेच दोन शब्द: आढळले नाही. तिने गावाचं नाव वाचलं आणि यादीवरून बोट खाली नेलं. लाळ, थरथर, टाचणीएवढी बाहुली. अशी लक्षणं कुठल्या कुळातल्या विषाची, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. त्या कुळातली जी दोन औषधं इकडे भाजीवर सर्रास मारतात, नेमकी त्यांचीच स्टँडर्ड दिवाळीपासून संपलेली होती. ती रिपोर्ट घेऊन अनुपमा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. प्रयोगशाळा त्याच चालवतात.

"मॅडम, या दोन नावांपुढे 'आढळले नाही' कसं आलं?"

"मशीनला दिसलं नाही म्हणून."

"मशीनला ही दोन माहीतच नाहीत. स्टँडर्ड संपलंय. मी तीनदा मेल टाकलाय."

"अगं, ऑर्डर एकदम द्यायची ठरलंय ना? दोन कुप्यांसाठी कोण शिपमेंट मागवतं! आणि ते 'आढळले नाही' फॉरमॅटमध्येच आहे, आपोआप येतं."

"मग तिथं 'तपासले नाही' लिहू या."

"आणि बाहेर बोर्डावर काय लिहिलंय? संपूर्ण यादी तपासून मिळेल." मॅडमनी चष्मा काढला. "धनश्री, ती मेंढीवाली तुझी आत्या आहे, हे मला कळलंय. याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात. तू सहीच करू नकोस. मी करते."

"करा. पण दिवा न लावता गोडाऊनमध्ये डोकवायचं आणि आत साप नाही म्हणून लिहून द्यायचं, याला काय म्हणतात?"

मॅडमनी रिपोर्ट पुढे ओढला. सही केली. निळ्या शाईची, लफ्फेदार.

त्या दिवशी धनश्रीने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आत्या नसती तर आपण ही सही केली असती, हे तिला नळाखाली हात धरल्यावर लख्ख दिसलं. दिवाळीपासून केल्याच होत्या की. त्या ओळी दर वेळी डोळ्यांपुढून गेल्या होत्या आणि दर वेळी वाटलं होतं, येईल ना स्टँडर्ड पुढच्या आठवड्यात. राग मॅडमवर होता, बापूसाहेबांवर होता, पण त्या दोघांच्या मागे आणखी एक जण उभं होतं, आणि त्याच्याकडे बघणं तिला जड जात होतं.

बैठकीच्या दिवशी तिने रजा टाकली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारी एसटी धरली.

गोडाऊनसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. बयाबाई खाली, सगळ्यांपासून जरा लांब, गुडघ्याला मिठी घालून बसली होती. बापूसाहेबांनी रिपोर्ट ताठ धरून वाचला. त्यांचा मुलगा रविराज गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याने फवारलेली बाटलीच आणली होती. हिरवं लेबल, त्यावर पान, पानाखाली 'शंभर टक्के जैविक'. आत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आमच्यावर विष घातल्याचा आळ आला हुता," बापूसाहेब म्हणाले. "हा घ्या कागद. सरकारमान्य. एक बी औषध न्हाई."

धनश्री उभी राहिली. "बापूसाहेब, त्या यादीतली दोन औषधं आम्ही बघितलीच नाहीत. बघायला लागतं ते आमच्याकडे नव्हतं. न बघता लिहिलंय."

"ही कोण?"

"बयाची भाची."

"मंग तर झालंच!" मागून कुणी तरी म्हणालं आणि खुर्च्या हसल्या.

"मी त्याच प्रयोगशाळेत नोकरी करते," धनश्री म्हणाली. "हे इथं बोलल्यावर ती राहील का नाही, माहीत नाही."

"लेकी, नोकरी सांभाळ," बापूसाहेब मऊ आवाजात म्हणाले. "आपल्या मानसाची कड घ्यायची म्हणून कागद खोटा ठरवू नगं. येवढी मोठी मशीन खोटी, आन् तू खरी व्हय?"

तिने सगळं खरं सांगितलं होतं आणि ते कुणाच्या कानावर थांबलंही नव्हतं. तेवढ्यात बयाबाई उठली. लुगड्याची धूळ झटकून सरळ बापूसाहेबांपुढे गेली.

"बापूसाहेब, मला कागद वाचता येत न्हाई. म्या विचारलं, तुम्ही सांगितलं, म्या मेंढ्या सोडल्या. आता येवढंच करा. ह्या बाटलीतलं पाल्यावर मारा, तवा मारलं तसंच. आन् तुमच्या गोठ्यातल्या म्हशीला घाला. म्हस रवंथ करीत बसली, की म्या तुमच्या पाया पडून ह्या शिवारातनं जाते. परत त्वांड दावणार न्हाई."

धनश्रीने तिचा हात धरला. "आत्या, नको—"

"घालू की!" रविराज हसत उठला. "त्यात काय? जैविक हाय म्हणलं ना." बापूसाहेबांनीही मान हलवली. त्यांचा बाटलीवर खरंच विश्वास होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेजारच्या वाफ्यातून पाल्याचा भारा आला. रविराजने पंपात औषध कालवलं, पाला ओला केला आणि भारा उचलून रस्त्यापलीकडच्या गोठ्याकडे निघाला.

गोठ्याच्या दारात तुळजाबाई उभी होती. त्याची आई, बापूसाहेबांची बायको. हात शेणाने भरलेले.

"खबरदार पुढं आलास तर!"

"आई, अगं तपासून आलंय. कागदावर न्हाई म्हणलंय."

"मंग कागद म्हशीला घाल. आन् त्यो पाला तू खा."

बैठकीत आता कुणी हसलं नाही. बापूसाहेब उठून रस्त्यापर्यंत आले. "अगं, काय तमाशा लावलाय? चार मानसांत—"

"तमाशा म्या लावलाय? घरच्या भाजीचा वाफा इहिरीपाशी येगळा का ठिवलाय म्या? त्याला ह्यातलं थेंबभर मारू देत न्हाई, म्हाइती न्हाई तुम्हाला? रोज त्यातलीच भाजी खाताय न्हवं?"

बापूसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. कुणी तरी आपल्या बाजूने बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. पण खुर्च्यांवरच्या माना खाली गेल्या होत्या. तेव्हा धनश्रीला उमगलं. ती पुढे झाली आणि एकेकाकडे बघत विचारलं, "तुमच्याकडं पण आहे ना वेगळा वाफा? मामा, तुमच्याकडं? आप्पा, तुमच्या?" कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. प्रत्येकाच्या विहिरीपाशी वाल, मेथी, चार वांग्यांची झाडं, न फवारलेली, स्वतःच्या पोरांसाठी. आणि उरलेलं सगळं रान पहाटेच्या टेम्पोने पुण्याच्या मार्केटला. या मंडळींनी कागदावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. कागद दुसऱ्यांनी खाण्यासाठी होता.

चहा आला. बंदीचा विषय कुणी काढला नाही. मेलेल्या मेंढ्यांचाही नाही. बापूसाहेबांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि जणू उपकार करावा तसं म्हणाले, "झालं गेलं, बया. माझा हरभरा निघतोय. यंदा तिथं बसव तुझ्या मेंढ्या. कुणी आडवं यायचं न्हाई."

बयाबाईने चहाचा कप जमिनीवर ठेवला.

"बसवते की. इहिरीपासल्या वाफ्यात बसवते. जिथलं तुमच्या पोटात जातंय, तिथलंच माझ्या मेंढ्यांच्या जाईल. जमतंय का बगा." आणि उत्तराची वाट न बघता ती उरलेल्या कळपाकडे चालायला लागली.

माणसं पांगली. रविराज अजून रस्त्यातच उभा होता, पायाशी ओला भारा, हातात बाटली. धनश्री जवळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, ह्यात हाय तरी काय?"

"तू विकतोस, तुला माहीत नाही. मी तपासते, मला माहीत नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आणि पुण्यातली बाई तुझा फ्लॉवर धुऊन पोराच्या ताटात वाढते, तिला वाटतं, आपल्या दोघांनाही माहीत आहे!"

तिने त्याच्या हातातून बाटली काढून घेतली, तपासायला न्यायची म्हणून पिशवीवर पिशवी बांधून गच्च गाठ मारली. मग भाऱ्याकडे बोट केलं. "हा खड्ड्यात पूर. कुठल्या जनावराच्या तोंडाला लागता कामा नये. मी बघत उभी आहे."

रविराजने फावडं आणलं.